इलेक्ट्रॉनिक्स उद्योगासाठी आयटीआयमध्ये प्रक्रिया शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यात इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाला चालना देण्याच्या घोषणा अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. रांजणगावच्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाला केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. २९७.११ एकर जागा आणि ४९२.८५ कोटींचा हा प्रकल्प आहे. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटींची केंद्रीय योजना मंजूर झाली. जमीन, वीज, रस्ते, सवलती यांवर सविस्तर चर्चा होते. मनुष्यबळाचा विषय मात्र ‘कुशल कामगार तयार केले जातील’ या एका वाक्यात उरकला जातो. या उद्योगात कुशल म्हणजे नेमके काय येणारा माणूस, तो कुठे आणि कसा तयार होतो, आणि आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये (आयटीआय) त्यासाठी काय बदलावे लागेल, हे तपशिलात मांडण्यासाठी हे पत्र.

आधी एक हिशेब. मोबाइल चार्जर, वीजमीटर, गाडीतला कंट्रोल युनिट, काहीही घ्या. आत एक सर्किट बोर्ड असतो. मध्यम आकाराच्या बोर्डावर साधारण ४०० सुटे भाग आणि २,००० सोल्डरचे (भाग बोर्डाला जोडणाऱ्या, वितळवलेल्या मिश्रधातूचे) जोड धरू. दर दहा लाख जोडांमागे ५० सदोष निघत असतील तर आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण २,००० जोडांच्या बोर्डावर त्याचा अर्थ असा की शंभरातले नऊ-दहा बोर्ड पहिल्या फेरीत नापास होतात आणि रिवर्कच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, टेबलावर जातात. हेच प्रमाण दहा लाखांत १० वर आणले तर शंभरातले दोनच अडतात. कंत्राटी इलेक्ट्रॉनिक्स जोडणीत नफ्याचे प्रमाण अत्यंत कमी असते. त्यामुळे ऑर्डर टिकणार की दुसऱ्या देशातल्या कारखान्याकडे जाणार, हे या नऊ आणि दोनमधल्या फरकावर ठरते. यंत्रे सगळीकडे त्याच पाच-सात कंपन्यांची असतात, सुटे भाग त्याच वितरकांकडून येतात. फरक पडतो तो लाइनवरच्या माणसांमुळे.

लाइनची रचना सांगायला सोपी आहे. मोकळ्या बोर्डावर सोल्डर पेस्ट छापली जाते, छपाई तपासली जाते, पिक अँड प्लेस यंत्र सुटे भाग ठेवते, रिफ्लो ओव्हनमध्ये पेस्ट वितळून जोड तयार होतात आणि शेवटी कॅमेऱ्याने तपासणी होते. पाहुण्यांना दाखवायला सगळे पिक अँड प्लेस यंत्रापाशी नेतात, कारण ते तासाला हजारो भाग ठेवते. पण बहुतेक दोषांचे पाणी मुरते ते त्याच्या आधी, पेस्टच्या छपाईत. म्हणून या टप्प्यावर जरा थांबू.

सोल्डर पेस्ट म्हणजे धातूची अतिबारीक पूड आणि फ्लक्स (धातूचा पृष्ठभाग साफ करून जोड नीट धरू देणारे रसायन) यांचे मिश्रण. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शिसेविरहित पेस्टमध्ये ९६.५ टक्के कथिल, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे असते. सध्याच्या बारीक कामासाठीच्या पुडीचे कण २० ते ३८ मायक्रॉनचे असतात. साधारण ५०० ग्रॅमच्या बरणीत ती येते आणि २ ते १० अंश सेल्सिअसला फ्रीजमध्ये ठेवावी लागते. वापरण्यापूर्वी किमान चार तास आधी ती बाहेर काढायची आणि झाकण न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. इथेच पहिली चूक होते. शिफ्ट सुरू व्हायला अर्धा तास असताना कोणाच्या तरी लक्षात येते की बरणी बाहेर काढलेली नाही. मग थंड बरणी उघडली जाते, हवेतली वाफ पेस्टवर धरते आणि ते पाणी ओव्हनमध्ये फटाफट उडून आजूबाजूला सोल्डरचे बारीक गोळे पसरतात. कोणी ती बरणी हीटरजवळ किंवा ओव्हनच्या गरम झाकणावर ठेवतो. त्याने फ्लक्स वेगळा होतो आणि पेस्ट छापताना पसरते. दोन्ही प्रकारांत दोष दिसतो तो तासाभराने, ओव्हनच्या पलीकडे, आणि बोट दाखवले जाते ओव्हनकडे.

ज्याला ‘चार तास’ हा आकडा फक्त पाठ आहे तो घाईत तो मोडणारच. पाणी कुठून येते आणि त्याचे पुढे काय होते हे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने करून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहे, तो मोडणार नाही. कौशल्य म्हणतात ते हेच, आणि ते शिकवायला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही.

पुढची पायरी स्टेन्सिलची. रांगोळीच्या छाप्यातून रांगोळी पडावी तशी स्टीलच्या पातळ पत्र्यातल्या छिद्रांतून पेस्ट बोर्डावर पडते. पत्रा सहसा १०० ते १२५ मायक्रॉन जाडीचा असतो. छिद्राचे क्षेत्रफळ भागिले छिद्राच्या आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ हे गुणोत्तर ०.६६ च्या वर असावे, असा या क्षेत्रातला नियम आहे. उदाहरणार्थ, ०.२५ मिमी चौरस छिद्र आणि ०.१ मिमी जाडीचा पत्रा घेतला तर गुणोत्तर ०.६२५ येते. म्हणजे पेस्ट भिंतींनाच चिकटून राहणार आणि पॅडवर (भागाचे टोक जोडण्याच्या बोर्डावरच्या तांब्याच्या जागेवर) कमी पडणार. पत्रा ०.०८ मिमीचा घेतला तर तेच गुणोत्तर ०.७८ होते आणि पेस्ट सुटून येते. हे गणित दहावीच्या मुलाला येते. पण ते न शिकवल्यामुळे ‘पेस्ट कमी पडतेय, प्रेशर वाढव’ हा उपाय केला जातो. प्रेशर वाढवले की स्क्वीजी (पेस्ट पत्र्यावरून ओढणारे पाते) मोठ्या छिद्रांतली पेस्ट ओरबाडून काढते आणि एका दोषाचे दोन होतात.

छपाईतल्या दोषांना एक भाषा असते. सगळ्या आयसींच्या (चिपच्या) एकाच बाजूच्या पायांमध्ये ब्रिज, म्हणजे सोल्डरने शेजारचे पाय जोडले जाणे, झाला असेल तर छपाई सरकली आहे. ब्रिज कुठेही, कसाही होत असेल तर स्टेन्सिलची खालची बाजू अस्वच्छ आहे. दर पाच ते दहा छपायांनंतर पुसण्याचा क्रम चुकला किंवा पुसण्याचा रोल संपला आहे. दोष बोर्डाच्या मध्यभागीच येत असेल तर खालून आधार देणाऱ्या पिना नीट लावलेल्या नाहीत आणि बोर्ड लवतो आहे. एकाच जागी पेस्ट नसेल तर ते छिद्र बुजले आहे. अशा पाच-सहा खुणा ज्याला वाचता येतात तो ऑपरेटर दहा मिनिटांत लाइन सुरू करतो. ज्याला येत नाहीत तो सुपरवायझरला बोलावतो, सुपरवायझर प्रोसेस इंजिनिअरला, आणि तो दुसऱ्या लाइनवर अडकलेला असतो.

आपल्या हवामानाचा विचारही अभ्यासक्रमात हवा. आयसींच्या वेष्टनाचे प्लास्टिक हवेतले पाणी शोषते. त्यानुसार त्यांना ओलाव्याचा दर्जा दिलेला असतो. दर्जा ३ म्हणजे सीलबंद पाकीट उघडल्यापासून ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंत १६८ तासांत भाग ओव्हनमधून गेला पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये पुणे परिसरात बाहेरची आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. कारखान्याचे वातानुकूलन बिघडले किंवा सुट्या भागांचे रीळ रात्रभर उघड्या रॅकवर राहिले की हा हिशेब कोलमडतो. शोषलेले पाणी २४० अंशांना एकदम वाफ होऊन आयसी आतून तडकते. वरून काही दिसत नाही. यावरचा उपाय म्हणजे भाग भट्टीत वाळवणे. इथेही एक नेहमीची चूक होते: १२५ अंशांचे बेकिंग ट्रेमधल्या भागांसाठी चालते, प्लास्टिकच्या टेपमध्ये गुंडाळलेले रीळ त्याच तापमानाला ठेवले तर टेपच वाकडी होते आणि सगळे रीळ फेकावे लागते. रिळासाठी ४० अंशांचे, कोरड्या हवेतले, कित्येक दिवस चालणारे बेकिंग असते. तेवढे दिवस हातात नसतात, म्हणून पाकीट उघडतानाच त्यावर तारीख आणि वेळ लिहायची सवय लावणे हा एकच खरा उपाय उरतो. ही सवय नोकरी लागल्यावर लावण्यापेक्षा शिकतानाच अंगवळणी पडली तर बरे.

स्थिर विजेचेही तसेच. मनगटाच्या पट्ट्यात १ मेगओहमचा रोधक असतो आणि पट्टा दर शिफ्टला तपासायचा असतो. तो तुटलेला असला तरी काम अडत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. स्थिर विजेचा झटका बसलेली आयसी कित्येकदा कारखान्यातली चाचणी पास होते आणि तीन महिन्यांनी ग्राहकाकडे बंद पडते. असा परत आलेला माल सर्वांत महाग पडतो.

ओव्हनबद्दल थोडक्यात. वर सांगितलेली पेस्ट २१७ अंशांना वितळू लागते. बोर्डाचे कमाल तापमान साधारण २३५ ते २५० अंश, २१७ च्या वरचा काळ साधारण ४५ ते ९० सेकंद आणि तापमान चढण्याचा वेग सेकंदाला १ ते ३ अंश, अशी चौकट पाळायची असते. नेमके आकडे पेस्टच्या माहितीपत्रकात असतात आणि तेच अंतिम मानायचे. ओव्हनच्या पडद्यावर दिसणारे तापमान त्या झोनमधल्या हवेचे असते, बोर्डाचे नसते. बोर्डाचे तापमान कळायला त्यावर थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) जोडून तो बोर्ड ओव्हनमधून पाठवावा लागतो. एक थर्मोकपल सर्वांत जड भागापाशी, एक सर्वांत हलक्या भागापाशी, एक आयसीच्या पोटाखाली. कॅप्टॉन (उष्णतारोधक प्लास्टिकच्या) टेपने चिकटवलेली टोके उष्णतेने सुटतात आणि हवेचे तापमान दाखवतात. म्हणून उच्च तापमानाचे सोल्डर किंवा ॲल्युमिनियम टेप वापरावी. जाड तांब्याच्या बोर्डाला हलक्या बोर्डाची रेसिपी, म्हणजे ओव्हनच्या तापमान-वेगाची मांडणी, लावली तर जोड वरवर ठीक दिसला तरी आतून कच्चा राहू शकतो. उलट केले तर लहान भाग होरपळतात. १ मिमी लांब, अर्धा मिमी रुंद अशा ०४०२ आकाराच्या रोधकाचे एक टोक आधी वितळले तर दुसरे टोक उचलले जाते आणि भाग उभा राहतो. हा दोष पाहिला की बहुतेक जण ओव्हनचा वेग बदलतात. पण कारण कधी पेस्टच्या असमान छपाईत असते, कधी एका पॅडला जोडलेल्या रुंद तांब्यात, म्हणजे डिझाइनमध्येच. कुठल्या वेळी काय, हे ओळखायला शिकवावे लागते.

शेवटच्या कॅमेरा तपासणीत वेगळी अडचण येते. यंत्र नीट जुळवलेले नसेल तर ते चांगल्या जोडालाही दोष म्हणते. समोर बसलेल्या मुलीला तासाला शंभर खोटे इशारे दिसत असतील तर एकशेएकावा खरा दोषही ती ‘ओके’ करून पुढे पाठवणार. हा तिचा दोष नाही. प्रकाशाची मांडणी आणि मर्यादा बदलून खोटे इशारे कमी करणे हे तंत्रज्ञाचे काम आहे आणि त्याचे प्रशिक्षण फार थोड्या ठिकाणी मिळते.

आता प्रशिक्षणाकडे येऊ. राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा व्यवसाय चालतो. एका युनिटमध्ये २४ प्रशिक्षणार्थी. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाला १,२०० तास आहेत, त्यांपैकी ८४० प्रात्यक्षिकाचे. शिवाय वर्षाला १५० तास उद्योगात प्रत्यक्ष कामावर जाण्याची तरतूद आहे. म्हणजे वेळ आहे. सरफेस माउंट (बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या) भागांचे सोल्डरिंग आणि रिवर्कही अभ्यासक्रमात आहे. पण त्याचा भर हाताने एक भाग काढून दुसरा बसवण्यावर, म्हणजे दुरुस्तीवर आहे. कारखान्याला लागते ते तोच जोड दहा हजार वेळा सारखा कसा येईल याचे ज्ञान. दुरुस्ती आणि उत्पादन यांतले हे अंतर भरून काढायचे आहे.

त्यासाठी प्रत्येक संस्थेत पूर्ण स्वयंचलित लाइन बसवण्याची मागणी आम्ही करत नाही. ती कोट्यवधींची असते, तिला वार्षिक देखभाल करार लागतो, आणि सुट्या भागाअभावी एकदा बंद पडली की पुढे तिच्यावर फक्त धूळ साचते. पुढील सामान पुरेसे आहे: हाताने चालवायचा स्टेन्सिल प्रिंटर, वेगवेगळ्या जाडीच्या दोन-तीन स्टेन्सिल, तापमान दाखवणारा छोटा फ्रीज, टेबलावर मावणारा रिफ्लो ओव्हन, चार थर्मोकपल घेणारा तापमान नोंदक, १० ते ४० पट मोठे दाखवणारे दोन-तीन सूक्ष्मदर्शक, हॉट एअर रिवर्क स्टेशन, स्थिर वीजरोधक चटया आणि मनगटी पट्टे तपासणारा टेस्टर. हे सगळे काही लाखांत बसते. बोर्ड मुद्दाम सदोष डिझाइनचे बनवून घ्यावेत: एका पॅडला रुंद तांबे, दुसऱ्याला बारीक, काही छिद्रे ०.६६ च्या वर, काही खाली. चांगला बोर्ड चांगला का झाला हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. बिघडलेला बोर्ड जास्त शिकवतो.

२४ जणांनी प्रत्येकी दहा बोर्ड केले तर २४० बोर्ड होतात. एका छोट्या बोर्डाला अर्धा ग्रॅम पेस्ट धरली तरी १२० ग्रॅम लागते. स्टेन्सिलवर राहणारी आणि वाया जाणारी धरून ५०० ग्रॅमची एक बरणी एका युनिटच्या एका सत्राला पुरावी. इतकी साधी गोष्ट. पण घोडे पेंड खाते ते खरेदीत. पेस्टचे आयुष्य फ्रीजमध्येही सहसा सहा महिन्यांचे असते. सरकारी खरेदीची धाव मात्र मार्चअखेरीकडे असते आणि कच्चा माल वर्षाचा एकदम घेतला जातो. मार्चमध्ये आलेली बरणी ऑगस्टमध्ये नवे सत्र सुरू होते तेव्हा मुदत संपायच्या बेतात असते, आणि प्रात्यक्षिकाची वेळ येते तेव्हा ती वाळलेली असते. मग निदेशक (आयटीआयचे शिक्षक) नाइलाजाने तो प्रयोग फळ्यावर शिकवतात. अल्प आयुष्याच्या मालासाठी संस्था व्यवस्थापन समितीला तिमाही खरेदीचा अधिकार आणि स्वतंत्र लेखाशीर्ष द्यावे. कोणत्याही मोठ्या योजनेची वाट न पाहता हे करता येईल.

निदेशकांचा प्रश्न याहून मोठा आहे. पदे रिक्त राहतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण भरलेल्या पदावरच्या निदेशकाला तरी शेवटचे लाइनवर कधी पाठवले होते? दर दोन वर्षांनी सलग चार आठवडे, पूर्ण पगारावर, एका कारखान्यात, पाहुणा म्हणून नव्हे तर तंत्रज्ञाच्या सोबत शिफ्टमध्ये, अशी प्रतिनियुक्ती सक्तीची करावी. सुट्टीत पाठवू नये, कारण मग ती टाळली जाते. सोल्डर जोडाचा दर्जा ठरवणारे आयपीसी-ए-६१० हे मानक जगभर चालते. साधी घरगुती वस्तू, अखंड चालावी अशी वस्तू, आणि जिथे बंद पडणे परवडणारच नाही अशी वस्तू, असे तीन वर्ग त्यात आहेत आणि एकच जोड पहिल्या वर्गात पास आणि तिसऱ्यात नापास होऊ शकतो. त्याचे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, नंतर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. निदेशकाच्या पहिल्या प्रमाणपत्राला पैसे मिळाले आणि नूतनीकरणाला मिळाले नाहीत तर दोन वर्षांनी येरे माझ्या मागल्या. छत्रपती संभाजीनगरला नाइलिट या केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण संस्थेचे केंद्र आहे, त्याच शहरात इंडो-जर्मन टूल रूम आहे. इलेक्ट्रॉनिक्स आणि यंत्रदुरुस्ती या दोन्ही बाजूंचे निदेशक-प्रशिक्षण राज्यातच करायला जागा आहे.

वर्षातले १५० तास म्हणजे आठ तासांच्या जेमतेम एकोणीस शिफ्ट. त्यांचे काय होते? प्रशिक्षणार्थ्यांना बहुधा पॅकिंगला किंवा ट्रे वाहायला लावले जाते, कारण चालू लाइनवर नवख्याचा हात लागू देणे कोणत्याही सुपरवायझरला परवडत नाही. त्याची अडचण खरी आहे. म्हणून कामाची वाटणी आधीच लिहून द्यावी: पहिल्या चार शिफ्ट पेस्ट आणि स्टेन्सिलच्या खोलीत, पुढच्या पाच प्रिंटरपाशी, चार फीडर (यंत्राला रिळातून भाग पुरवणारे साधन) भरणे आणि बदलण्याच्या तयारीला, तीन ओव्हन प्रोफाइल, म्हणजे बोर्डाच्या तापमानाचा आलेख, घेणाऱ्या तंत्रज्ञासोबत, उरलेल्या तीन रिवर्क टेबलावर. फीडर भरणे वरकरणी हमालीचे वाटते, पण चुकीचे रीळ, चुकीचा पिच (टेपवरच्या दोन भागांमधले अंतर), टेप जोडताना सरकलेली छिद्रे, यांनी लाइन कशी थांबते हे तिथेच कळते. लाइन थांबली की दंड कोणाला, हेही कळते. नोंदवही शेवटच्या दिवशी एकदम सही करून न देता रोज एक प्रश्न आणि एक निरीक्षण लिहून घ्यावे. कारखान्याने एवढे करावे म्हणून त्या तंत्रज्ञाला प्रशिक्षण भत्ता शासनाने द्यावा; रक्कम मोठी नसेल, पण काम त्याच्या नावावर लागेल.

शिकाऊ उमेदवारीकडे वळताना उद्योगांनाही काही सांगायला हवे. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे नियमाने बंधनकारक आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना कमाल १,५०० रुपये, केंद्र देते. अनेक ठिकाणी या उमेदवारांना स्वस्त मजूर म्हणून एकाच कामावर वर्षभर ठेवतात, वर्ष संपले की नवीन तुकडी. असे करणाऱ्या कारखान्याला दर जूनमध्ये तीच ती चूक नव्याने दिसते, कारण चूक ओळखणारा माणूस मेमध्ये निघून गेलेला असतो. स्किल मॅट्रिक्सचा, म्हणजे कोणाला कोणते काम किती येते याचा, तक्ता प्रत्येक लाइनच्या भिंतीवर असतो, चार भागांची वर्तुळे काळी केलेली. तो ऑडिटच्या आधी न भरता दर महिन्याला भरावा आणि प्रत्येक काळ्या भागाला पगारात ठरावीक रक्कम जोडावी. प्रोफाइल काढता येतो, इतके पैसे. तपासणी यंत्राचा प्रोग्राम दुरुस्त करता येतो, इतके पैसे. मराठवाडा-विदर्भातून येऊन चाकण, रांजणगावला खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलामुलींना पाचशे-हजार रुपयांसाठी कंपनी बदलावी लागते. लाइनवर मुली मोठ्या संख्येने आहेत; सुरक्षित वसतिगृह आणि शिफ्टला जुळणारी बस नसेल तर शिकवलेली मुलगी सहा महिन्यांत गावी परतते आणि तिच्यासोबत ते सारे शिक्षणही जाते.

कामाच्या सूचना मराठीत, फोटोसह लावाव्यात. पेस्ट, फीडर, रिवर्क हे शब्द तसेच राहू देत. पण ‘का’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या भाषेत असले पाहिजे.

परीक्षा बदलल्याशिवाय शिकवणे बदलत नाही. लेखी परीक्षा संगणकावर, पर्याय निवडण्याची झाली आहे. तिला आमचा विरोध नाही. प्रात्यक्षिकात मात्र प्रत्येकाला पाच सदोष बोर्ड द्यावेत. दोष ओळखायचा, संभाव्य दोन कारणे लिहायची, कोणते कारण खरे हे ठरवायला काय मोजाल ते सांगायचे आणि एक बोर्ड दुरुस्त करायचा. वेळ तीन तास. परीक्षक दुसऱ्या संस्थेचा आणि एक उद्योगातला. असा पेपर लागू झाला की वर्गात काय शिकवले जाईल हे वेगळे सांगावे लागणार नाही.

केंद्राने मे २०२५ मध्ये १,००० सरकारी आयटीआयच्या उन्नतीसाठी पाच वर्षांची ६०,००० कोटींची योजना मंजूर केली आहे: केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,००० आणि उद्योगांचे १०,०००. दोनशे मुख्य संस्था आणि त्यांना जोडलेल्या आठशे संस्था अशी तिची रचना आहे. या रचनेचा उपयोग असा करता येईल: पूर्ण लाइन फक्त मुख्य संस्थेत, तिच्या देखभाल कराराची तरतूद पाचही वर्षांसाठी आधीच केलेली, आणि जोडलेल्या प्रत्येक संस्थेत वर सांगितलेला टेबलावरचा संच. प्रशिक्षणार्थ्यांनी आधी आपल्या संस्थेत हात बसवावा आणि मग तीन आठवडे मुख्य संस्थेत राहून लाइन चालवावी. पुणे आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत इलेक्ट्रॉनिक्ससाठी अशी प्रत्येकी एक मुख्य संस्था हवी. उद्योगाचा वाटा यंत्राच्या किमतीत मोजताना जुनी, मोडीत काढायची यंत्रे देऊन आकडा फुगवला जाणार नाही, यावर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने लक्ष ठेवावे. कारखान्याने तंत्रज्ञाचे तास, सदोष बोर्डांचे नमुने आणि मुदत असलेली पेस्ट दिली तरी तो वाटा म्हणून धरावा. प्रशिक्षणाला त्याचाच जास्त उपयोग आहे.

सुट्या भागांच्या केंद्रीय योजनेत प्रोत्साहनाचा काही भाग रोजगाराच्या उद्दिष्टाशी जोडला आहे. तिथे नुसती डोकी मोजली जातात. राज्याने स्वतःच्या सवलती देताना निदान तीन गोष्टी मागाव्यात: किती शिकाऊ उमेदवारांना किमान तीन टप्प्यांवर काम शिकवले, त्यांतले किती वर्षानंतर कामावर आहेत आणि किती निदेशकांना चार आठवडे लाइनवर घेतले. या तिन्ही नोंदी कारखान्याकडे आणि आयटीआयकडे आजही असतात. त्या एका अर्जात मागवायच्या आहेत. नवे सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते. कच्च्या मालाच्या तिमाही खरेदीचा शासन निर्णय त्याआधी निघाला तर निदान यंदाच्या तुकडीला पेस्टची बरणी मुदतीत उघडता येईल.

आपले,
इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन आणि व्यवसाय प्रशिक्षण क्षेत्रांतले काही वाचक, पुणे